इंजिनाला शिंगांचा लाल

श्रावण वद्य चतुर्दशी. उद्या पोळा.

बेबीताई,

तुमच्या जीपच्या इंजिनाचा मनिफोल्ड आपल्या रंगाच्या दुकानामागच्या पडवीत विटांवर उलटा ठेवला आहे. सकाळपासून थिनरच्या चिंधीने पुसते आहे. तेलाचा अंश राहिला तर कुठलाही रंग धरत नाही, आणि तेल मीच लावून ठेवलं होतं, पावसात गंज चढू नये म्हणून. आता चिंधी स्वच्छ निघते आहे, म्हणजे काम झालं. समोर दोन डबे आहेत. एक सहाशे डिग्रीची उष्णता सोसणारा चंदेरी, तो मी यवतमाळहून मागवला. दुसरा बैलांच्या शिंगांना लावायचा लाल, आपल्याच दुकानातला, गेल्या पोळ्याला तुम्ही माझ्याकडून नेलेला. कोणता कुठे लावायचा ते आज ठरवायला हवं. परवा उमरखेडहून एक जण जीप बघायला येणार आहे. मीच बोलावलं आहे त्याला.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुम्हाला गोल गोल बोललेलं कधी आवडलं नाही.

विकायचं पहिल्यांदा ह्यांनी, तुमच्या भावांनी काढलं. तुमची तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि तुमचे भाऊ शेडसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "कोण चालवन आता हे? मले दुसरा गिअर सापडत नाही. तू एकटीनं कधी काढली नाही. उभी उभी सडून जाईन." गणिताचे मास्तर आहेत, मांडणी बरोबर असते. मला त्यात चूक सापडली नाही, म्हणून मी फोन केला. उमरखेडच्या माणसाला ती लग्नांसाठी हवी आहे, नवरदेव मिरवायला. बोलायला नीट वाटला. म्हणाला, "ताई, बॉनेट उघडल्यावर इंजिन चकाचक दिसलं पाहिजे. आजकालचे पोट्टे त्याचेच फोटो काढतात."

तेव्हा रंग लावायचा तो गिऱ्हाइकासाठी. दुसरं काही कारण नाही, असं मी सकाळी स्वतःला बजावून चिंधी हातात घेतली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या भावांना काउंटरवर बसवलं आहे आणि ते निळ्याच्या जागी हिरवा देत आहेत. लोक वैतागून मागे माझ्याकडे येतात. मघाशी एक म्हातारे शेतकरी आले, डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात नव्या वेसणी. मनिफोल्डकडे बराच वेळ पाहत राहिले.

"काय वो वैनी, याले तं चार सडं दिसून राह्यले. दूध देते काय हे?"

"धूर देते," मी म्हटलं.

"मंग बेबीबाईच्या जीपचं असन." ते हसले नाहीत. दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "माही सून तिच्याच जीपमधी गेलती दवाखान्यात, बाळंतपणाले. रस्त्यात बेबीबाई तिले म्हणे, घाई करू नको वो, मले अजून तीन खड्डे चुकवायचे हायेत." मग लाल आणि सोनेरी असे दोन डबे घेऊन गेले.

तुम्ही असता तर त्यांना सांगितलं असतं की हा इंजिनातला जळालेला धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ आहे, आणि जीपमध्ये सगळ्यात जास्त तापतो तो हाच. मला हे तुम्हीच सांगितलं. लग्न होऊन आले तेव्हा मला बॉनेट कुठून उघडतं हेही माहीत नव्हतं. रंगाचं मात्र कळत होतं, माहेरी तोच धंदा. आपलं भांडण पुढे त्यावरच झालं आणि अजून चालूच आहे. तुम्ही मधेच उठून गेलात एवढंच.

जीप घरात आली ती मी यायच्या आधी. मामंजींनी शेवटची बैलजोडी विकली आणि सरकारी लिलावातली ही जुनी जीप आणली. त्या वर्षी पोळ्याला गोठा रिकामा. मामंजी सकाळपासून बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. गोठ्याच्या कोनाड्यात आदल्या वर्षीचा शिंगांचा लाल उरला होता. तुम्ही तो घेतला, जीपचं बॉनेट उघडलं आणि इंजिनावरचं टॅपेट कव्हर, म्हणजे डोक्यावरचं झाकण, लालभडक रंगवून टाकलं. मामंजी उठून पाहायला आले. "बेबे, याले शिंगं कुठं हायेत?" तुम्ही म्हणालात, "शिंगं नाहीत, डोकस्कं तं हाय." आणि संध्याकाळी जीप घेऊन गावच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी उभ्या राहिलात. लोक हसले. दुसऱ्या वर्षी कमी हसले. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला कोणीच हसत नव्हतं. तोरण तुटायच्या आधी पाटील विचारत होते, "बेबीची जीप आली काय?"

बैल दारात आले की हाकणाऱ्याला बोजारा द्यायचा असतो, ओवाळून धान्य किंवा पैसे. तुम्ही जीप दुकानासमोर आणून हॉर्न वाजवायच्या. "वंदे, बोजारा टाक." पहिल्या वर्षी मी ओवाळून ताटात गहू आणला. तुम्ही म्हणालात, "जीप गहू खाते काय? लाल रंगाचा डबा दे, पुढच्या पोळ्याले पुरन." तेव्हापासून दर पोळ्याला एक डबा. तो तुम्ही शेडमधल्या फळीवर उलटा ठेवायच्या. उघडलेला तेलरंगाचा डबा झाकण लावून उलटा ठेवावा, म्हणजे साय वर धरत नाही, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. पण तुम्ही न उघडलेलाही उलटा ठेवायच्या. मी म्हणायची, सीलबंद डब्याला त्याची गरज नसते. तुम्ही म्हणायच्या, "त्याले आतापासून सवय लागू दे." आज मी शेडमध्ये गेले तेव्हा गेल्या वर्षीचा डबा तिथेच होता. उलटा.

बाभुळगावचा साखरपुडा आठवतो? त्या वर्षी पोळ्याला तुमचा हात सैल सुटला होता. झाकण रंगवून रंग उरला, म्हणून तुम्ही मनिफोल्डही रंगवून टाकला, मला न विचारता. पंधरवड्यातच आपण मावशींच्या घरच्या साखरपुड्याला निघालो. पुढे तुम्ही आणि मी, मागे सासूबाई आणि नवी पैठणी नेसलेल्या मावशी. यवतमाळ ओलांडून थोडं गेलो आणि बॉनेटच्या फटीतून निळा धूर यायला लागला. डोळे चुरचुरले. मावशी मागून ओरडल्या, "बेबे, गाडी पेटली."

तुम्ही मान वळवली नाही. "जळून नाही राह्यली मावशी. वाळून राह्यली."

मावशींना ते पटलं नाही. जीप जरा हळू झाली तशी पैठणी वर धरून त्या रस्त्याच्या कडेला उतरल्या, आणि एवढ्या वयाच्या बाई शेताच्या बांधावर चढून उभ्या राहिल्या. मागून येणारी एसटी थांबली. कंडक्टर पाण्याची कॅन घेऊन धावला. तुम्ही बॉनेटवर हात आडवा धरलात. "पाणी नको टाकू बाप्पा. तापल्या लोखंडावर पाणी पडलं तं चीर जाईन." एसटीतली माणसं खिडक्यांतून माना काढून पाहत होती आणि तुम्ही त्या सगळ्यांना समजावत होता की हा पोळ्याचा रंग आहे, थोडा वेळ जाऊ द्या. रंग जळून गेला, धूर संपला, मावशी बांधावरून उतरल्या. मंडपात आपण शिरलो तेव्हा यजमानांनी वास घेत विचारलं, "कोणाच्या घरी रंग देऊन राह्यले काय?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला काउंटरसमोर बसवलं. अजून आठवतं, स्टुलावर पाय हलवत बसल्या होतात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

मी म्हटलं, शिंगं तापत नाहीत ताई, इंजिन तापतं. आणि इंजिनही सगळीकडे सारखं तापत नाही. झाकणाजवळ जेमतेम पाणी उकळण्याइतकी उष्णता असते. तिथे साधा तेलरंग जळत नाही, पण तेलाने आणि तापण्या-निवण्याने फुगतो, सोलतो. मनिफोल्डची गोष्ट वेगळी. चढावर भरलेली जीप ओढताना तो पाचशेच्या घरात जातो. त्याला सिलिकॉनचा, सहाशे डिग्री सोसणारा रंगच हवा. खाली प्रायमर नको, भेगा बुजवायची लांबी नको, घासून उघडं केलेलं लोखंड हवं. हात पातळ मारायचे. आणि तो नुसता वाऱ्यावर वाळून पक्का होत नाही. इंजिन थोडं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, मग जास्त चालवायचं, पुन्हा थंड. आगीतच तो पिकतो.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलं, "लाल हाय काय त्यात?"

"एवढ्या उष्णतेला लाल टिकत नाही. चंदेरी, नाहीतर काळा."

"चंदेरी ट्रंकेले अन् काळा तव्याले. नको."

"बरं, मनिफोल्डला काही लावू नका. झाकणाला तरी चांगला लावा. अडीचशे डिग्रीचा मिळतो, लाल मिळतो. एकदा लावला की कितीतरी वर्षं पाहायला नको."

तुम्ही पाय हलवायचे थांबलात. "मंग पुढच्या पोळ्याले म्या काय करू?"

"काही करू नका. आराम करा."

"आराम कराले पोळा असते काय, वंदे?"

मी हसले. मला वाटलं, या बाईला पटवून घ्यायचंच नाही. त्यानंतर दर पोळ्याला हेच. मी म्हणायची टिकाऊ घ्या, तुम्ही म्हणायच्या टिकला तर पंचाईत. मनिफोल्डला मात्र तुम्ही पुन्हा कधी ब्रश लावला नाही. तो गंजून तपकिरी होऊन बसला. झाकण दर पोळ्याला लाल व्हायचं आणि दिवाळीपर्यंत सोलायचं.

रंगाच्या बाबतीत मी तुमच्यापुढे नमले नाही, पण एरवी तुमच्या जोरावरच उभी होते. दुकानाचंच घ्या. मामंजींनंतर ते बंद करायचं घाटत होतं. सासूबाईंचं म्हणणं, सून काउंटरवर बसून गड्यामाणसांना डबे मोजून देणार, हे बरं दिसत नाही. तुम्ही वावरातून आला होता, पायाला चिखल. म्हणालात, "भाऊ शाळेत, मी वावरात. दुकान काय मांजर चालवन? हिले रंगाचं कळते, हिले बसू दे." आणि पुढचा आठवडाभर तुम्ही येता-जाता जीप दुकानासमोर लावून उगाच बॉनेट पुसत उभ्या राहायच्या. कोणी वाकडं बोलायला आलं की तुमच्या हातातला पाना बघून डबा घेऊन जायचं. त्या आठवड्यात माझी विक्री चांगली झाली.

जीप चालवायला शिकवलंत तेही असंच, न विचारता. सोयाबीन निघालं होतं, वावर मोकळं होतं. मला चालकाच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसून पेरू खाऊ लागलात. मी गिअर टाकताना आवाज निघाला की म्हणायच्या, "हळू वंदे, दात काढून राह्यली तू त्याचे." एकदा मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर चढवली, जीप तिरपी झाली. तुम्ही पेरू सोडला नाही. "आता मागं घे. इकून नाही, तिकून." पुढे मी इथे दारव्ह्यात चालवायला लागले, यवतमाळच्या रस्त्यालाही लागले, पण शेजारी तुम्ही असायच्या. एकटीने कधी काढली नाही. तुम्ही टोमणा मारायच्या, "मी काय जन्मभर क्लीनरच राहू काय?" मी म्हणायची, पुढच्या वेळी. ती वेळ काही आली नाही.

आषाढात पेरण्या आटोपल्यावर तुम्ही जीप खोलून बसलात. सायलेन्सरचा फटफट आवाज येत होता, म्हणून मनिफोल्ड काढला एवढंच मला माहीत होतं. आणि नेमकं त्याच दिवसांत वावरातून परत येताना तुमच्या छातीत दुखलं. शेजाऱ्यांची गाडी लगेच मिळाली, उशीर कुठेच झाला नाही. डॉक्टरांनीही सांगितलं की करण्यासारखं जे होतं ते सगळं झालं. गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही म्हणालात, "अख्ख्या गावाले नेलं दवाखान्यात. अन् मी पेशंट झाली तं माहीच गाडी खोललेली." तुमचे भाऊ पुढे शेजाऱ्यांच्या बाजूला बसून मागे वळून रडत होते, तुम्ही त्यांना म्हणालात, "दिल्या, रस्त्याकडं पाह्य." मग माझा हात धरलात. मला वाटलं आता काहीतरी सांगाल. तुम्ही म्हणालात, "मनिफोल उघडा हाय. घासून ठेवला. पावसात गंज चढन. झाकून ठेवजो."

एवढंच. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

घर माणसांनी भरलेलं असताना मी शेडमध्ये जाऊन त्याला तेल लावलं आणि तुमच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवला. कोणाला वाटलं असेल, भावजय रडायला गेली. मी तेलाचा डबा शोधत होते.

आज तो सोडवला तेव्हा नीट पाहिला. बेबीताई, हा इतका घासलाय कायले? मी मधुभाऊ मिस्त्रींना बोलावून दाखवला. ते म्हणाले, "जोडातलं गॅस्केट फुटलं होतं. ते बदलाले मनिफोल काढा लागते."

"त्यासाठी पूर्ण घासावा लागतो का?"

"नाही. बसते तेवढीच बाजू साफ केली की झालं." त्यांनी तो उचलून फिरवला. आतल्या बेचक्यांमध्येही तारेचा ब्रश फिरला होता, जिथे बोट जात नाही तिथे. कुठे गंजाचा ठिपका नाही. "हे तं आठ-आठ दिवसांचं काम हाय, वैनी. बेबीताईनं रंग द्यालेच घासलं असन."

रंग द्यायला. उघडं, पांढरं लोखंड, प्रायमर नाही, लांबी नाही. मी काउंटरसमोर स्टुलावर बसवून सांगितलं होतं तसं. आणि टॅपेट कव्हर मात्र इंजिनावर होतं तसंच आहे, दरवर्षीच्या लालाचे पापुद्रे घेऊन. त्याला हातही लावलेला नाही.

आता याचा अर्थ काय लावू? मनिफोल्डला माझा रंग आणि झाकणाला तुमचा, असं तुम्ही ठरवलं होतं का? पोळ्याला बॉनेट उघडून मला दाखवणार होता का, तोंड वाकडं करून? की झाकणही घासायचं होतं आणि तेवढा वेळ मिळाला नाही? हे मला कधी कळणार नाही. तुम्ही हरलात की जिंकलात की नुसत्या अर्ध्यावर होता, ते न सांगता गेलात. माझ्याशी वाद घालणारं दुसरं माणूस घरात नाही. तुमचे भाऊ लगेच मान्य करतात, त्यात काही राम नाही.

दुपारी चंदेरीचा पहिला हात मारला. पातळ. तो वाळेपर्यंत हे लिहीत होते. दुसरा हात मघाशी झाला. मनिफोल्डवर आपल्या दोघींचं एकमत झालं असं मी धरून चालते, पुरावा तरी तसाच आहे.

झाकणाचा प्रश्न राहिला. गिऱ्हाइकासाठी तिथे अडीचशे डिग्रीचा लाल हवा. तो दुकानात आहे. मी पत्रा घेऊन पापुद्रे खरवडायला बसले. वरून लाल, खाली लाल, त्याखाली एका थरात निळा. त्या वर्षी दुकानात लाल संपला होता आणि तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. खरवडताना हात सरकला आणि बाजूच्या रबरी होजला लागला. तिथे बारीक चिरा पडल्या होत्या. अजून महिनाभरात पाणी गळलं असतं. फॅनच्या पट्ट्याचा काठही उसवला आहे. ते पाहून मी पत्रा खाली ठेवला.

दर पोळ्याला तुम्ही बॉनेट उघडून सकाळपासून बसायच्या. रंग लावायला किती वेळ लागतो? माझं तर कपाळ उठायचं, एवढ्याशा झाकणाला अख्खी सकाळ. तुम्ही खरवडायच्या, पुसायच्या, इकडचं तिकडचं दाबून पाहायच्या, आणि दुपारी मला सांगायच्या, "होज आणा लागते." म्हणजे रंग टिकला असता तर खरंच पंचाईत होती. बॉनेट उघडायचं कारण उरलं नसतं. हे तुम्ही मला सरळ का नाही सांगितलं? कदाचित तुम्हाला सरळ माहीतही नसेल. बैलाची शिंगं रंगवताना माणूस त्याचे खूर, डोळे, मानेवरची सूज पाहतोच. तुम्ही तेच करत होता.

गिऱ्हाईक असं करणार नाही. त्याला टिकाऊ लागेल. बरोबर आहे त्याचंही.

शेजारच्या काकू मघाशी भिंतीवरून डोकावल्या. "वंदना, यंदा सण नाही ना तुमच्यात? मंग रंग कायले काढला वो बाई?" त्यांचंही बरोबर आहे. वर्षभर आपल्यात सण नाही, पुरण नाही, तोरण नाही.  पण मामंजी गेले त्या वर्षीचा पोळा मला आठवला. सासूबाईंनी तुम्हाला अडवलं होतं, बाप गेला त्या वर्षी रंग लावत नाहीत म्हणून. तुम्ही डबा खाली ठेवला नाही. म्हणालात, "सण आपल्याले नाही माय. वर्षभर राबली ते जीप. तिले काहून उपाशी ठेवतं?" सासूबाई आत निघून गेल्या. थोड्या वेळाने त्याच बाहेर आल्या आणि तुम्हाला ब्रश पुसायला चिंधी दिली.

काही गोष्टी तुम्हाला विचारायच्या राहिल्या. लग्न का नाही केलंत, हे मी कधी विचारलं नाही. सासूबाई अर्धंमुर्धं बोलायच्या, तेवढ्यावर सोडून दिलं. मला मूल नाही याबद्दल तुम्ही कधी एक शब्द काढला नाहीत, दुसऱ्या कोणाला काढू दिला नाहीत. तेव्हा हिशेब बरोबर आहे. दोघींनी एकमेकींना जेवढं विचारलं नाही, तेवढ्यावर या घरात आपलं चांगलं चाललं.

चंदेरी हाताला लागत नाही आता. दिवे लागायची वेळ झाली. बाकीचं सकाळी.

पोळा, सकाळ.

उठल्यावर आधी उमरखेडला फोन केला. सांगितलं, जीप विकायची नाही, तुमची खेप वाचवली. त्याने विचारलं, "काहून ताई, दुसरं गिऱ्हाईक भेटलं काय?" मी म्हटलं, नाही, चालवणारं भेटलं.

मधुभाऊंनी नवं होज आणि पट्टा टाकला, मनिफोल्ड बसवला. मी चालकाच्या जागी बसून चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात जीप सुरू झाली. थोड्या वेळात बॉनेटखालून पांढरा धूर यायला लागला. पहिल्यांदा तापताना या रंगाचा निघतोच. काकू भिंतीवर आल्या आणि तुमचे भाऊ हातात बादली घेऊन आतून पळत आले.

"वंदना, पेटली."

"जळून नाही राह्यली," मी म्हटलं. "वाळून राह्यली. बादली ठेवा खाली, पाणी टाकलं तर चीर जाईल."

त्यांनी बादली बाजूला ओतली, पालथी घातली आणि तिच्यावरच बसले. बराच वेळ आम्ही दोघं त्या धुराकडे पाहत होतो.

इंजिन बंद केलं, निवू दिलं, पुन्हा चालवलं, पुन्हा निवू दिलं. मग झाकणाचे राहिलेले पापुद्रे काढले, पुसलं, आणि गेल्या वर्षीचा तुमचा डबा उघडून शिंगांचा लाल लावला. साय अजिबात धरली नव्हती. रंग चांगला बसला आहे. दिवाळीपर्यंत सोलेल.

संध्याकाळी तोरणाला मी जाणार नाही, सण नाही आपल्यात. पण त्याआधी वावरापर्यंत एक फेरी मारून येईन. एकटी. दुसरा गिअर मला सापडतो.

दुकान उघडल्यावर फळीवरून लाल रंगाचा एक नवा डबा घेतला, सीलबंद. शेडमध्ये नेऊन तुमच्या जागी ठेवला. उलटा.